बोकड, टोळ, मुंगूस

सायकलच्या दुकानात जन्म काढलेली माणसं दोन प्रकारची असतात. काही सायकल दिसली की आधी सीटवर बसतात, काही आधी खाली वाकून जोड बघतात. एका सायकल मिस्तरीला दोन मुली झाल्या आणि दोघींनी हे दोन प्रकार वाटून घेतले. थोरली वाकणारी. तिला सगळं गाव ताई म्हणायचं, तिच्याहून वयानं मोठी गिऱ्हाइकंसुद्धा. धाकटी बसणारी. अंगानं काडी, पाय कायम हलते, म्हणून तिला चिमणी म्हणत.

ताई बापाच्या हाताखाली वेल्डिंग शिकली. काच तोंडावर ओढली की तिला जगाचा विसर पडायचा. लोखंड वितळून दोन पाइपांच्या सांध्यात बसतं, त्याला ती टाका म्हणायची, आणि तिचे टाके खरोखर शिवणकामासारखे यायचे, एकाला एक लागून. बाप गेला तेव्हा दुकान तिच्याकडे आलं. चिमणी तेव्हा कॉलेजात होती आणि दगडांच्या खाणीमागच्या टेकडीवर साधी सायकल घालून दर महिन्याला तिचे तुकडे करून आणत होती.

तिसऱ्यांदा मोडलेली फ्रेम जोडायला आली, तेव्हा ताई वैतागली. "ही जोडून देत नाही. मी नवीच करते," म्हणाली, आणि कागद नाही, पेन्सिल नाही, नुसत्या हाताच्या वितीनं चिमणीचे पाय मोजून तिनं पाइप कापायला घेतले. आठवड्याभरात फ्रेम उभी राहिली. जाड पाइपांची, आखूड, ताठ मानेची. चढाला लागली की थांबायचं नाव घेत नसे, म्हणून ताईनं तिला बोकड म्हटलं. व्याकरणात बसत नव्हतं, पण गिऱ्हाइकं लवकरच "माझी बोकड कधी मिळणार?" असं विचारत यायला लागली.

बोकडीवर बसून चिमणीनं टेकडीवरची शर्यत जिंकली आणि वर्तमानपत्रात फोटो आला. चिखलानं माखलेली चिमणी, दात तेवढे पांढरे, आणि डाव्या कडेला कुणाचंतरी एक कोपर. ते कोपर ताईचं होतं. आईनं तो फोटो फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावला. ताई येता-जाता त्या कोपराकडे बघायची. आईला एकदा म्हणालीसुद्धा, की फोटोवाल्यानं दोन पावलं मागं सरकायला काय हरकत होती? आई म्हणाली, "अगं, शर्यत तिनं जिंकली ना." हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळेच ते ताईच्या घशात अडकलं.

नंतर बाजारात स्प्रिंगचे चिमटे आले. सायकलचा चिमटा म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन पाय. त्यात स्प्रिंग घातली की दगडाचा झटका हातापर्यंत येत नाही. मागचं चाक मात्र थेट फ्रेमलाच राहतं, म्हणून अशा सायकलीला हार्डटेल म्हणतात. लोक बोकडीला तसले चिमटे बसवून मागायला लागले. ताईनं बसवून दिले. पण स्प्रिंगचा चिमटा उंच, त्यामुळे बोकड पुढून उचलली गेली आणि चढावर तिचं तोंड दारुड्यासारखं इकडेतिकडे जायला लागलं. ताई म्हणाली, चिमट्याचा दोष आहे. चिमणी म्हणाली, फ्रेमच या चिमट्यासाठी नव्यानं आखायला हवी. आणि खडू घेऊन ती दुकानाच्या फरशीवर पालथी पडली.

ताई वर उभी राहून बघत होती. चिमणीनं हँडलखालची मान बुटकी केली, वरचा पाइप सीटकडे उतरता केला.

"पाठ मोडलेल्या गाढवासारखी दिसतेय," ताई म्हणाली.

"दिसू दे," चिमणी म्हणाली. "उतरताना पाइप मांडीला लागत नाही."

त्या फ्रेमचं नाव टोळ. नाव चिमणीनं ठेवलं, ताईनं नावं ठेवली. पाइप फार बारीक आहेत, रंग भडक आहे, चार महिन्यांत लोक परत आणतील, असं ती चहा पिताना, चपला काढताना, झोपायच्या आधी सांगत राहिली. लोकांनी परत आणल्या नाहीत. उलट दुसऱ्या गावांहून माणसं आली आणि दुकानात शिरताच मान उंचावून विचारायला लागली, "त्या कुठायत? टोळवाल्या?" ताई हातातली कानस खाली ठेवून आत हाक मारायची, आणि हाक मारताना आपला आवाज किती गोड निघतोय याचं तिला स्वतःलाच आश्चर्य वाटायचं.

ताईचा नवरा बस चालवायचा. मोजकं बोलणारा, पण नेमक्या जागी बोट ठेवणारा माणूस. तो म्हणायचा, "तुझ्या धंद्यात एक सोय आहे. काचेमागं तोंड कितीही वाकडं केलं तरी गिऱ्हाइकाला दिसत नाही." ताई हसायची. मग दोन दिवस त्याच्याशी तुटक बोलायची.

खरं सांगायचं तर टोळ चांगली होती. ताईला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. तिनं एकदा दुपारी दुकान बंद करून ती गुपचूप चढावर नेली होती, आणि सायकल अशी सरळ चढली की ताई वर पोचून रडवेली झाली. आपल्याला हे सुचलं नाही, याचं दुःख नव्हतं. पालथं पडून, पाय हलवत, शीळ घालत घालत कुणालातरी ते सुचलं, हे तिला सोसवत नव्हतं.

तिसरी फ्रेम चिमणीनं बराच काळ डोक्यात घोळवली. आता तिला उतारावरची सायकल हवी होती. पुढचं चाक आणखी पुढे ढकललेलं, अंग लांब, हँडल रुंद. म्हणजे खड्या उतारावर सायकल नाकावर आपटत नाही. नाव मुंगूस. पाइप तिनं स्वतःच मागवले, खडूची आकृती फरशीवरून कागदावर उतरवली आणि कागद ताईच्या टेबलाला चिकटवून दिला.

ताईनं तो बघितला आणि एका जागी तिचं बोट थांबलं. मानेचा पाइप आणि खालचा तिरपा पाइप जिथं भेटतात, तो सांधा सगळ्यात जास्त मार खातो. बोकडीला आणि टोळला त्या सांध्याखाली ताई आधाराची एक पट्टी जोडायची. या आकृतीत ती पट्टी नव्हती. चिमणी विसरली असणार. ताईनं हाक मारायला तोंड उघडलं.

नेमका त्याच वेळी एका सायकलच्या मासिकाचा माणूस दारात आला. त्याला या दुकानाच्या फ्रेमांचा सगळा इतिहास लिहायचा होता, पहिल्या मॉडेलपासून. चिमणीनं त्याला स्टूल दिलं. बोकड कशी सुचली, असं त्यानं तिला विचारलं. ताईनं केली, असं चिमणी म्हणाली, दोनदा म्हणाली. त्यानं मान डोलावली, ताईकडे वळून बघितलं आणि विचारलं, "म्हणजे वेल्डिंग या बाई करतात, होय ना?" आणि पुन्हा चिमणीकडे वळला.

ताईनं काच तोंडावर ओढली. पट्टीबद्दल ती काही बोलली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. फ्रेम कागदावर होती तशीच तिनं जोडली, आणि आयुष्यात घातले नसतील इतके सुंदर टाके घातले. कुणी उद्या तिच्या हाताला दोष देऊ नये.

चाचणीला दोघी खाणीमागच्या टेकडीवर गेल्या. चिमणीला नेहमीसारखं कुणीतरी खाली उभं राहायला हवं होतं. ताई उताराच्या तळाशी एका दगडावर बसली, पाण्याची बाटली मांडीवर घेऊन. चिमणी वर गेली, खाली आली. पुन्हा वर गेली. दर वेळी ती खाली यायची तेव्हा ताईची नजर तिच्या तोंडाकडे नसायची, त्या सांध्याकडे असायची. मनातल्या मनात ती देवाशी घासाघीस करत होती. हाड मोडू नये, पाइप मोडावा. मोडूसुद्धा नये, नुसती केसाएवढी चीर जावी. म्हणजे आपण वाकून बोट ठेवू आणि म्हणू, इथं पट्टी लागते, बाळ.

दुपार कलताना चिमणी वळणावर घसरली. सायकल एकीकडे, ती एकीकडे, धुळीचा लोट. ताई उठली. उठता उठता तिच्या छातीत एक काहीतरी आनंदानं उडालं, आणि त्याच्या मागोमाग भीती आली. पळताना तिला एवढंच कळत होतं, की भीती दुसरी आली. आधी दुसरंच काहीतरी आलं होतं.

चिमणी उठून बसली होती. खांदा सोलवटला होता, मनगट सुजत होतं. "माझीच चूक," ती म्हणाली. "ब्रेक उशिरा दाबला. सायकल बघ ना, काही झालं का?" ताईनं सायकल बघितली. सांध्यावर रंगाचा टवकासुद्धा उडाला नव्हता. ताईनं आपल्या ओढणीनं तिचं मनगट बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं, आणि शेवटी चिमणीलाच तिची समजूत घालावी लागली.

रात्रभर ताईला तेच छळत राहिलं. दुसऱ्या दिवशी दुकानाला सुट्टी होती. ती सकाळीच गेली, शटर अर्धं खाली ओढलं, मुंगूस टेबलाच्या पकडीत अडकवली आणि करवत घेऊन तो सांधा कापायला लागली. चीर बाहेरून दिसत नसेल तर आतून असेल. असायलाच हवी. असली म्हणजे निदान आपण खोट्या नव्हतो.

सांधा सुटला. ताईनं तुकडा दिव्याखाली धरला. चीर नव्हती. आणि पाइपाची भिंत, जी मधे पातळ होती, ती सांध्याजवळ येता येता आतून जाड होत गेली होती. बाहेरून एकसारखा दिसणारा पाइप टोकांना दुप्पट जाड होता. वेल्डिंग करताना इथं आच जास्त द्यावी लागली होती, हे ताईला आता आठवलं. रागाच्या भरात तिनं तिकडे लक्षच दिलं नव्हतं. असल्या पाइपाला पट्टी लागत नाही.

शटर वर सरकलं. गळ्यात हात अडकवलेली चिमणी आत आली, आणि कापलेल्या फ्रेमकडे बघत उभी राहिली.

"पट्टी नव्हती," ताई म्हणाली. तिनं तुकडा टेबलावर ठेवला. "मी कागदावरच बघितलं होतं. बोलले नाही."

"माहीत आहे. तुझं बोट तिथं थांबलेलं मी बघितलं."

"मग तू का नाही सांगितलंस, पाइप वेगळे आहेत म्हणून?"

चिमणी स्टुलावर बसली. "तू विचारशील म्हणून वाट बघत होते. एकदा तरी मला काहीतरी माहीत आहे आणि तुला नाही, असं व्हावं म्हणून. ताई, तू बोकड कागदाशिवाय केलीस. मी अजून पालथी पडून खडूनं रेघा मारते आणि पुसते. लोक मला सगळं विचारतात, आणि मला दर वेळी वाटतं, हे मी नुसती सीटवर बसले म्हणून विचारतायत. तुझ्यावर जळत मोठी झालेय मी."

गोष्टीत अशा वेळी बहिणी गळ्यात पडतात. ताईला आधी राग आला. इतकी वर्षं ती हे जळणं एकटीनं, लपवून, मोठ्या कष्टानं सांभाळत होती. ते तेवढं तरी आपलं स्वतःचं आहे असं तिला वाटायचं. त्यातही या मुलीनं वाटा मागितला.

"काल तू पडलीस," ती म्हणाली, "तेव्हा मला आधी बरं वाटलं."

चिमणीनं टेबलावरचा तुकडा उलटापालटा करून बघितला. मग म्हणाली, "हे नसतं सांगितलंस तरी चाललं असतं." आणि उठून निघून गेली.

महिनाभर दोघी कामापुरतं बोलल्या. ताईनं दुसरी मुंगूस जोडली. पाइप बोटांनी चाचपून, आच मोजून. ती सायकल पुढं कितीतरी वर्षं खपली. आजही टेकडीवर दिसते, रंग उडालेली, सांधे शाबूत. मासिकात लेखही आला. त्यात बोकड ताईनं केली असं एक वाक्य होतं. ताईनं ते वाचलं आणि लेख फार मोठा झालाय असं मत दिलं.

अबोला हळूहळू निवळला, पण चिमणी दुकानात रमली नाही. एका मोठ्या कंपनीनं तिला दूरच्या शहरात बोलावलं, मागंपुढं दोन्हीकडे स्प्रिंगा असलेल्या महागड्या सायकली आखायला. ती गेली. घर मोकळं झालं, दुकान मोकळं झालं, आणि ताईला वाटलं होतं तसं हलकं काही वाटलं नाही. कुणावर जळावं, असं माणूसच समोर उरलं नाही. ती चिडून कामाला लागली. चौथी हार्डटेल तिनं एकटीनं केली, या खेपेला फरशीवर खडूनं आखून, कारण तिचे गुडघे दुखत असले तरी ती पद्धत चांगली होती. मोठ्या चाकांची, दमदार, दिवसभर चालवायची सायकल. नाव रेडा. लोक म्हणाले, बरी आहे.

बरी! हा शब्द ताईला विंचवासारखा डसला. चिमणी सुट्टीला आली तेव्हा तिनं रेडा चालवून बघितला आणि अंगणात पाय टेकवत सांगितलं, की सरळ रस्त्याला झकास आहे, पण अरुंद वळणावर मागचं चाक उशिरा येतं. मागचं चाक धरणारा त्रिकोण बोटभर आखूड कर.

ताईनं तिला जेवायला वाढलं, मऊ अंथरूण घातलं, आणि आठवडाभर नवऱ्याला ऐकवलं, की मोठ्या कंपनीत गेलं की माणसाला शहाणपणाचे कोंब फुटतात. मग तिनं मागचा त्रिकोण बोटभर आखूड केला.

पुढच्या वेळी चिमणी आली तेव्हा ताई दारात रेडा धरून उभी राहिली. चिमणीनं हँडल हातात घेतलं. टांग टाकली आणि गल्लीतून निघाली. टोकाला पाण्याच्या टाकीपाशी एक चिंचोळं वळण होतं. तिथं तिनं एक गुडघा बाहेर काढला, अंग कललं, आणि सायकल पाण्यासारखी वळून दिसेनाशी झाली.

"किती छान चालवते मेली," ताई म्हणाली. तिचं जुनं जळणं परत आलं होतं, अगदी पूर्वीसारखं. ती आत गेली, आणि नव्या पाइपांना कानस लावायला बसली.