नेस्तासाठी एक ट्राउट

इडवल प्रॉसर कमी बोलायचा. उभं आयुष्य पोलादाच्या भट्टीवर काढलं, पण युनियनच्या सभेत कधी तोंड उघडलं नाही. संप झाला की मात्र फाटकाशी पहिला येऊन उभा राहायचा आणि घरी जा म्हणून हाकलल्याशिवाय हलायचा नाही. भाषणं ठोकायला आम्ही होतोच. मी तर कँटीनमध्ये बटाटे सोलता सोलता भाषण करायचे. पुढे भट्टी बंद पडली, माणसं पांगली आणि शिल्लक राहिला तो आमचा मासेमारीचा क्लब. एप्रिलमधल्या एका शनिवार-रविवारी आम्ही अस्क नदीवर जातो, पत्र्याच्या खोपटात झोपतो आणि गळाला आमिष म्हणून पिसांच्या खोट्या माशा बांधून ट्राउट मासे धरतो. त्या माशा सगळ्यांसाठी इडवल करायचा. तितराचं पीस, सशाच्या कानाचे केस, रेशमाचा धागा. भट्टीने भाजून निबर झालेली बोटं, पण बांधलेली माशी आत्ता उडेल अशी.

या वर्षी त्याला एकच मासा हवा होता. बायकोसाठी.

नेस्ता वृद्धाश्रमात होती. आधी माणसं विसरली, मग जेवण विसरली. भरवलेला घास गालात धरून बसायची. हाताची काडी झाली होती. मागच्या वसंतात तिने एकदाच आपणहून तोंड उघडलं होतं, इडवलने ओटच्या पिठात घोळवून बेकनच्या चरबीत तळून नेलेल्या ट्राउटसाठी. आता पुन्हा उघडेल, एवढ्या एका आशेवर म्हातारा हिवाळाभर तग धरून होता.

अडचण अशी की पकडलेला प्रत्येक मासा परत सोडायचा, असा क्लबचा नियम. तो यंदा मीच भांडून करून घेतलेला. वरून येणाऱ्या घाणीने नदी मरायला टेकलीय, निदान आपण तरी तिचा गळा दाबू नये म्हणून. शनिवारी सकाळी रबरी बूट चढवताना इडवल म्हणाला, "बेरिल, एक नेईन म्हणतो."

"मला कशाला विचारतोस? मी काही पाहिलंच नाही."

"तू आणि न पाहणार?" हेडन मध्ये पडला. हेडन बेनन म्हणजे इडवलचा भट्टीवरचा जोडीदार. "अख्ख्या खोऱ्यात कोण शिंकलं ते हिला आधी कळतं."

"तू गप रे. तुझ्या गळाला लागतो कुठे मासा, की तुला नियमाची काळजी?"

इडवल हसला आणि पाण्याकडे निघाला.

नदीत उतरायची आमची एक रीत आहे. डोहाच्या वरच्या टोकाला एकाने उतरायचं, गळाची दोरी फेकायची, एक पाऊल खाली सरकायचं, पुन्हा फेकायची. त्याच्या मागे दुसरा. पुढच्याला ओलांडायचं नाही. तो थबकला तर आपणही थबकायचं, कारण थबकला म्हणजे त्याला मासा दिसलाय. हाक मारायची नाही, काठावर पाय वाजवायचे नाहीत. ही रीत मोडणाऱ्याशी आमच्यात कोणी धड बोलत नाही.

मी बेकन-पावाची टोपली घेऊन डोहाशी पोचले, तर सगळे काठावर ओळीने बसलेले. इडवल मांडीभर पाण्यात, खडकाला टेकून, पाठमोरा.

"काय चाललंय?"

"शू!" हेडन कुजबुजला. "मोठा असणार. जागचा हलला नाहीये केव्हाचा."

"केव्हाचा म्हणजे?"

हेडनने उत्तर म्हणून चहाचा थर्मास उलटा करून दाखवला. रिकामा.

मी इडवलकडे पाहिलं. त्याच्या गळाच्या काठीचं टोक पाण्यात बुडालं होतं. इडवल आणि टोक पाण्यात? टोपली तिथेच टाकली आणि बोंब मारत अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात घुसले. तोंड एका बाजूला ओघळलं होतं. एक हात मेला होता, दुसऱ्याने काठी घट्ट धरलेली. डोळे मात्र जिवंत होते आणि ते दोरीवर होते.

चौघांनी उचलून बाहेर काढला. काठी त्याच्या मुठीतून सोडवली तेव्हा दोरीला ओढ लागली. शेवटाला ट्राउट होता, थकलेला, वीतभर. मी तो दगडावर आपटून मारला. माझा नियम, मीच मोडला.

अॅम्ब्युलन्समध्येच इडवल गेला. लवकर आणला असता तर, एवढंच तिथला माणूस बोलला.

"आम्ही मान दिला त्याला, बेरिल," हेडन म्हणाला.

"मान? मेल्यांनो, तुमच्या डोळ्यांसमोर माणूस बुजगावणं झाला आणि तुम्ही चहा ढोसत मान देत होतात? एक हाक मारायला जीभ झडली होती?" आणखीही पुष्कळ बोलले. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रविवारी मी मासा ओटच्या पिठात घोळवला, चरबीत तळला. वृद्धाश्रमात जायला बसस्टॉपवर आले, तर हेडन आधीच उभा. मी त्याच्याशी बोलले नाही. तो मागच्या सीटवर बसला आणि तिथे पोचल्यावर बाहेरच्या बाकावर थांबला.

नेस्ताला वास आला. मान वळली, नाक हललं. मी काटे काढून घास पुढे केला. तिने माझ्या हाताकडे पाहिलं. मग माझी बोटं हातात घेतली, उलटसुलट केली, चाचपली. भाजल्याचा एकही डाग नव्हता. तिने माझा हात हळूच माझ्या मांडीवर ठेवून दिला, ओठ मिटले आणि भिंतीकडे तोंड केलं. मी चमच्याने भरवून बघितलं, लाडीगोडी केली, शेवटी रडले. ओठ उघडले नाहीत.

मासा रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात घातला आणि बाहेर आले.

हेडन उठून उभा राहिला. टोपी हातात चुरगळलेली. "खाल्ला तिने?"

कालपासून या माणसासाठी जिभेला धार लावून ठेवली होती. खिशातला मासा अजून कोमट होता.

"खाल्ला," मी म्हटलं. "सगळा."

"बरं झालं," तो म्हणाला आणि खाली बसला. त्याच्याने पुन्हा उठवेना. बस आली आणि गेली, तरी मी त्याच्या शेजारी बसून राहिले.