मटारावर ढकललेली हिरवी उलटी

मुलगी सात महिन्यांची असताना तिला पहिल्यांदा हिरवी उलटी झाली. इथे इंग्लंडात आमचे जीपी, म्हणजे नेहमीचे डॉक्टर, म्हणाले, "मटार भरवता का?"
"कधीतरी," मी म्हणालो.
"मग तेच." दोन मिनिटांत आम्ही बाहेर. त्या आठवड्यात मटार दिलेच नव्हते, हे मला ठाऊक होतं. तरी मी "थँक यू, डॉक्टर" म्हणून निघालो.

मी तालुक्याच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. डॉक्टर आणि गुरुजींसमोर आमचा आवाज आपोआप खाली येतो. शिवाय बाळंतपणात इथल्या नर्सेसनी बायकोला किती मायेनं सांभाळलं होतं. त्या उपकारापोटी मी दीड वर्ष गप्प बसलो.

दुपारचा वरणभात संध्याकाळी जसाच्या तसा बाहेर यायचा. दवाखान्यात कुणी म्हणालं, मसाले बंद करा. आम्ही हळद-हिंगसुद्धा सोडलं. कुणी म्हणालं, खाण्याचे नखरे आहेत. वजनाची रेघ घसरत होती, तर म्हणे आईवडीलही बारीकच आहेत. पोटाला हात लावून कुणी पाहिलं नाही.

मी ब्रॅकनेलला सॉफ्टवेअर टेस्टर आहे. एकदा बायको म्हणाली, "ऑफिसात बटणाचा रंग चुकला तर तीन मेल करतोस. इथे नुसतं थँक यू."
"अगं, ते डॉक्टर आहेत."
"आणि तू कोण आहेस तिचा?"

पुन्हा हिरवी उलटी झाली तेव्हा बायकोनं मला विचारलं नाही. भिजलेलं लाळेरं पिशवीत घातलं आणि आम्ही थेट मोठ्या हॉस्पिटलात गेलो. तिथल्या सर्जनबाईंनी लाळेरं पाहिलं. "हे पित्त आहे. आधी कधी झालं होतं?"
"सात महिन्यांची असताना."
त्यांनी लगेच मुलीच्या पोटाला हात लावून पाहिलं.

तपासणीत कळलं, जन्मापासून तिच्या आतड्यात एक पडदा होता आणि त्याला बारीकसं भोक. दूध जायचं, भात अडकायचा. ऑपरेशन झालं. आता ती पुलावातले मटार वेचून खाते.

मी जीपींच्या दवाखान्याकडे लेखी तक्रार केली. उत्तर आलं, असे आजार दुर्मिळ असतात, आम्ही प्रकरण बंद करत आहोत. आजार दुर्मिळ असेल. प्रश्न विचारणं तर दुर्मिळ नव्हतं. मी लिहिलं, "त्या आठवड्यात मटार दिले होते का, हे तुम्ही विचारलंत का? उत्तर मिळेपर्यंत माझ्याकडून हे प्रकरण उघडं आहे."

हे माझं तिसरं पत्र आहे.