बटनाखालचा पाट

माही घरची गेली तेव्हापासून मी एका जागी बसत नाही. बसलो की उठतो. वसरीत जातो, मागच्या आंगणात जातो, तिथली तोटी घट्ट करतो, परत येतो. गाव म्हणते बुढा भिंगरी झाला. झाला तर झाला.

त्यात लहानी पोरगी बाळंतपणाले येणार होती. एक तर मायबिना बाळंतपण, आन् आमच्या न्हाणीतल्या नळाले हात लावला की करंट मारे. ओली बाळंतीण त्या नळाले हात लावन, हेच डोक्यात फिरून राहिलं होतं. जावई फोनवर म्हणाले, "मामाजी, सारी वायरिंग बदलवा. पण ठेकेदाराचं लायसन पाहिल्याबिगर काम देऊ नका."

मी चौथी शिकलो. लायसन गाडीचं असते एवढंच मले माहीत.

गोंदियाचा ठेकेदार आला. मोटारसायकलवरून उतरला आन् मी काही बोलायच्या आधीच खिशातून कार्ड काढलं. फोटो, शिक्का, सारं होतं. "देख लो काका. सरकारी लायसन है. टेन्शन मत लो."

मी कार्ड उन्हात धरलं. फोटोतल्या माणसाले मिशी होती, याले नव्हती.

"मिशी कुठं गेली?"

"काका, मिशी पे लायसन नहीं मिलता."

शेजारच्या वहिनीले वाचता येते. तिनं तारीख पाहिली. लायसन चालू होतं, माणूस पण तोच होता.

"आन् काम कोण करन?" मी इचारलं.

"मेरे लड़के करेंगे."

"त्यायचं लायसन?"

तो हासला. "काका, वायरिंग करवानी है कि लड़की ब्याहनी है?"

मी म्हटलं, तू केलेलं एक घर सांग, मी पाहून येतो. ही रीत माह्या घरचीची. घरावरचे कवेलू फेरणारा असो का मिस्त्री असो, त्यानं आधी काम केलेल्या घरी ती जाये. आन् घरधन्याले कधी इचारत नसे. म्हणे, "बाप्या चांगलंच म्हणन, माणूस त्यानंच ठरवला ना. घरात बाई राहते, तिले इचारा." चुलीपाशी बसे, चहा पिये, आन् बाहेर येऊन मले डोळ्यानंच सांगे, बरोबर आहे का नाही.

ते घर चिचगडच्या अल्याड होतं. बसनं गेलो. घरधनी वसरीत खाटेवर बसला होता. "एक नंबर काम," तो म्हणाला. "बोर्ड पाहा ना जी, कसा चमकते!" बाई आत होती. परका बुढा, संग बाईमाणूस नाही, मी आत कसा जाऊ? पाण्याचा गिलास हातात घेऊन नुसता बसलो. माह्या घरचीबिगर मी अर्ध्या घरातच जाऊ शकतो, हे मले तिथं समजलं.

घरधन्यानं आवाज दिला, "पंखा लाव वो."

बाई आली. बोर्डाखाली जेवायचा लाकडी पाट ठेवला होता. ती त्याच्यावर उभी राहिली, बटन दाबलं, उतरली. बोर्ड तिच्या खांद्याएवढाच उंच. चढायचं काही कारण नव्हतं.

"बाई, पाटावर काऊन चढली?"

"तिची आदत आहे जी," घरधनी म्हणाला.

"आदत काही मायच्या पोटातून नाही आणली," बाई म्हणाली आन् आत गेली.

मी चहाले थांबलो नाही. रस्त्यावरूनच ठेकेदाराले फोन लावला. "तुह्या पोट्ट्यायच्या बोर्डाले करंट आहे. तुह्या हातानं करशीन तर ये. पोट्टे नको पाठवू."

"काका, मैं तार खींचूँगा तो ठेका कौन लेगा?"

"मंग नको येऊ."

दुसरा भेटला देवरीचा. कार्ड त्याच्याच नावाचं, तारीख चालू, आन् काम पण स्वतःच करे. तरी मले चैन नाही. त्यानं केलेल्या घरी जातानी मी वहिनीले संग घेतलं. बसमध्ये तिची कुरकुर चालूच होती. "भाऊजी, तुमच्या करंटापायी माही भाजी करपली."

ती आत गेली. मी बाहेर धानाच्या तणसाच्या ढिगाभोवती फेऱ्या मारून राहिलो. लय वेळ झाला. शेवटी पदरानं तोंड पुसत आली.

"चहा बढिया होता."

"आन् वायरिंग?"

"ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून मोटर लावली तिनं, भाऊजी. चप्पल शोधली नाही का पाट शोधला नाही. मीच म्हटलं, बाई, चप्पल घाल, तर मलेच हासली."

काम त्याले दिलं. अर्थिंगचा खड्डा मी खोदला, त्याच्या मनाजोगता खोल होईपर्यंत.

पोरगी आली, त्याच दिवशी न्हाणीत गेली. मी दारापुढं.

"बाबा, तिकडं जा न जी!"

"नळ कसा आहे?"

"नळासारखा आहे."

पाण्याचा आवाज आला. मी चुलीकडं वळलो, घरचीले डोळ्यानंच सांगायले, बरोबर आहे म्हणून. तिथं वहिनी शेंगा सोलत होती.

"काय पाहता, भाऊजी?"

"काही नाही," म्हटलं, आन् मागच्या आंगणात जाऊन तोटी घट्ट केली.