चाकाच्या आसाला तेल

नांद्यात वाल्मीकच्या घराच्या पडवीत सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. पाटी नाही, पण दारात टांगलेली जुनी चाकं पाहून कुणीही ओळखावं. पूर्वी त्या पडवीत बैलगाडी उभी असायची. वाल्मीक माझा विद्यार्थी. गणितात बेताचा, पण वर्गातली खुर्ची मोडली की मुलं त्यालाच हाक मारत. पुढे तो उरवड्याच्या एका कारखान्यात लागला आणि तो कारखाना बंद झाल्यावर घरी आला. तोवर घरच्या जमिनीवर भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या होत्या. हिंजवडीत नोकरी करणारी मुलं तिथे राहत, आणि त्यांच्याकडे डोंगरात चालवायच्या जाड टायरच्या सायकली असत. त्या दुरुस्त करता करता त्याचा धंदा झाला.

त्याची स्वतःची सायकल एका भाडेकरूने गाव सोडताना दिलेली. सव्वीस इंची चाकं, पुढे तीन दातेरी चक्रं आणि रिमला दोन्हीकडून आवळणारे रबरी ब्रेक. धक्के सोसायला पुढे स्प्रिंगऐवजी रबराचे गट्टू होते. ते चिरल्यावर तसे कुठे मिळेनात, म्हणून त्याने पुढचं चाक धरणारा साधा, कडक फोर्क बसवला. आता येतात त्या सायकलींची चाकं एकोणतीस इंची, पुढे चक्र एकच, हँडल खिलारी शिंगांसारखं रुंद, आणि बटण दाबलं की सीट खाली जाते.

"तीन चक्रांचा गुंता गेला ते बरंच झालं," तो म्हणतो. "पर चढाला माज्यासारक्याला ते बारकं चक्र लई कामाचं."

नव्याला नावं ठेवणं किंवा जुन्यासाठी हळहळणं त्याच्या स्वभावात नाही.

सगळ्यात मोठा बदल ब्रेकचा. तो रिमवरून निघाला आणि चाकाच्या मधोमध, आसापाशी आला. तिथे पोलादाची पातळ ताटली फिरते. दोन पॅड तिला आवळतात आणि चाक थांबतं. त्या ताटलीला तेलाचं बोट लागलं तरी पकड जाते. वाल्मीक हे प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतो. घरात सांगायचं मात्र राहून गेलं.

घरात त्याची आई, गोजराबाई. खंडेनवमीला अवजारं पुजायचा मान तिचा. जे चाक आपल्याला खायला घालतं त्याच्या आसाला तेल द्यायचं आणि मग हळदकुंकू वाहायचं, ही तिच्या सासूची रीत. बैलगाडी होती तोवर तिने गाडीची चाकं पुजली, गाडी गेल्यावर पडवीतल्या सायकली. त्या तेलाने कधी काही बिघडलं नाही, कारण ब्रेक आसापासून लांब, वर रिमला होते. ताटलीच्या, म्हणजे डिस्क ब्रेकच्या सायकली सणाआधीच मालकांकडे गेलेल्या असत.

गेल्या वर्षी एक राहिली. लातूरकडचा इंद्रजित वाल्मीकच्याच एका भाड्याच्या खोलीत राहतो. दसऱ्याच्या सुट्टीला त्याला शेजारच्या चांदे गावामागच्या टेकडीवर जायचं होतं. वाल्मीकने आदल्या दिवशी, खंडेनवमीला, त्याच्या सायकलीला नवे पॅड बसवले आणि सांगितलं, "पयल्यांदा जरा कुरकुरतील, मनावर घेऊ नका." मग तो झेंडूची फुलं आणायला पिरंगुटला गेला. मागे गोजराबाईने पूजा उरकून घेतली.

दसऱ्याच्या सकाळी वाल्मीक पडवीत आला तेव्हा इंद्रजितची सायकल गेलेली होती. तेलाची वाटी कोनाड्यात होती.

"आई, त्या मोठ्या सायकलीला बी तेल लावलंस?"

"लावलं की. दोनी चाकांना. मधी ती चकचकीत ताटली हाय न्हवं, तिला चांगला हात दिला."

वाल्मीकने फोन लावला. नुसताच वाजत राहिला. वर जाताना ब्रेक लागत नाही, म्हणजे टेकडी चढून होईपर्यंत इंद्रजितला काही कळणार नव्हतं. आणि कुरकुर ऐकू आली असती, तरी मनावर घेऊ नका असं वाल्मीकनेच सांगून ठेवलं होतं. पलीकडचा उतार गुरांच्या वाटेचा, सुट्या दगडांचा, खाली ओढ्यापर्यंत सरळ.

रस्ता टेकडीला वळसा घालून जातो. वाल्मीकने आपली सायकल भाताच्या बांधावरून घातली. चढाला बारकं चक्र लावलं. एका जागी उतरून सायकल खांद्यावर घ्यावी लागली. माथ्यावर पोचला तेव्हा इंद्रजित हेल्मेटचा पट्टा आवळत होता. सीट त्याने खाली घेतलेली होती.

"साहेब, उतरू नका! थांबा तितंच!"

"काका, तुम्ही? शर्यत लावलीत का माझ्याशी?" इंद्रजित हसला.

वाल्मीकला धाप लागली होती. "ब्रेक दाबा. दोनी. आन् ढकला सायकल."

इंद्रजितने ब्रेक दाबून ढकललं. चाकं बारीक किंचाळत फिरत राहिली. त्याने पुन्हा दाबून पाहिलं. मग तो उताराकडे बघत खाली बसला.

"आईनं तेल लावलंय," वाल्मीक म्हणाला. "चूक तिची न्हाई. मीच कदी सांगितलं न्हाई तिला."

"आजींना आताही सांगू नका, काका. सणाचा दिवस आहे."

दोघे आल्या वाटेने सायकली हातात धरून परतले. पण गोजराबाई अंगणातच उभी होती, आणि चालवायची सायकल कुणी ढकलत आणली की काहीतरी झालं आहे, हे तिला सांगावं लागत नव्हतं. तिने विचारलं आणि वाल्मीकने सांगितलं.

ती ओट्यावर बसली. "म्हंजी माज्या हातानं लेकराचं काय झालं असतं रं!"

"काही झालं नाही, आजी," इंद्रजित म्हणाला.

"तू गप. मी ह्याला बोलतीया." ती वाल्मीककडे वळली. "गावाला सांगत फिरतोस, ह्ये बदललं, त्ये बदललं. ब्रेक हितं आला हे आईला सांगाय तुजं तोंड दुखत हुतं व्हय?"

वाल्मीकने चाकं काढली, ताटल्या स्पिरिटने पुसल्या आणि तेल प्यायलेले पॅड टाकून दुसरे बसवले. गोजराबाई शेजारी गोणपाटावर बसून प्रत्येक भागाचं नाव विचारत होती. तेल चालतं ते फक्त साखळीला, हे तिने त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

इंद्रजितने अंगणात फेऱ्या मारल्या. सुरुवातीला हळू, ब्रेक दाबत, सोडत. मग जरा जोरात आला आणि ओट्यापुढे ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं. गोजराबाईने वाकून ताटलीकडे पाहिलं, हात मात्र पदरातच ठेवले.

"आजून एकदा थांबीव," ती म्हणाली.