हिरव्या डब्याचं वाण

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी गल्लीतल्या बायकांना वाण म्हणून कचऱ्याचे डबे लुटले. हे लिहितानाही कान गरम होतात. त्या दिवशी मात्र मी स्वतःवर भलतीच खूश होते.

नांदेडातली आमची गल्ली अरुंद, घंटागाडी आत येत नाही. कोपऱ्यावर काकूंचं घर, त्यांच्या भिंतीला भिंत लावून आमचं. सगळी गल्ली आपला कचरा काकूंच्या दाराशी आणून ठेवी. कुत्री पिशव्या फाडत आणि काकू रोज सकाळी फाटकात उभ्या राहून ओरडत, "तुमचा उकिरडा माझ्या दारात काहून?" मी म्हणायचे, झाकणाचे डबे घ्या, ओलं-सुकं वेगळं करा, प्रश्नच मिटेल. त्या म्हणायच्या, "बाई, शाळा शाळेत घे."

मी शिक्षिका. मला ते लागलं. मग मी झाकणाचे हिरवे डबे आणले, प्रत्येकात तिळगूळ ठेवला आणि एकेकीच्या हातात दिला. बाकीच्या हसल्या. काकूंनी वाण नाकारायचं नसतं म्हणून पदरात घेतलं. फाटकाशी जाऊन वळल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आयुष्यात लई वाणं घेतली, पण उकिरडा कुणी पदरात घातला नव्हता."

दुसऱ्या दिवशी तो डबा आमच्या दोघींच्या मधल्या भिंतीवर येऊन बसला, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. वाण परत करता येत नाही, फेकताही येत नाही. पोळ्या लाटताना मान वर केली की तो दिसायचा. काकू माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या.

खरी अडचण सासूबाईंची, म्हणजे आईंची होती. त्यांची डावी बाजू लुळी आहे. नवरा नोकरीसाठी लातूरला, येतो शनिवारी. मी साडेनऊला घर सोडते ते साडेपाचला परतते. आमच्या मागच्या दाराची किल्ली काकूंकडे असायची. दुपारी त्या यायच्या, आईंना उठवून बसवायच्या, चहा द्यायच्या. त्या जोरावर मी नोकरी करत होते. आता त्या यायच्या नाहीत, हे मी धरूनच चालले. किल्ली त्यांनी परत दिली नाही, आणि मागायची माझी हिंमत झाली नाही. नोकरी सोडवत नव्हती, आईंना न्यायला दुसरं घर नव्हतं, दिवसभर थांबणारी बाई मिळत नव्हती. सकाळी आईंच्या उशाशी थर्मास ठेवून निघायचे आणि वर्गात फळ्याकडे तोंड केलं की त्या पडलेल्या दिसायच्या. पोरांना मी चूक झाली की लगेच माफी मागायला लावते. मला मात्र शेजारचं फाटक ओलांडवेना.

मग एका संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं. सकाळी मी तो रिकामा करून गेले होते. आत गवती चहाची उकळलेली पाती होती. आमच्याकडे गवती चहा नाही. तो काकूंच्या परसात आहे.

"आई, दुपारी कोण आलतं?"

"कोन येतंय? कुनी न्हाई," आई भिंतीकडे बघत म्हणाल्या. आयुष्यभर त्यांना खोटं बोलायला जमलं नाही, तेव्हाही जमलं नाही.

मला रडू आलं, आणि रागही आला. आता तर मी पुरतीच अडकले. आभार मानले असते आणि काकू बिथरून यायच्या बंद झाल्या असत्या तर? म्हणून गप्प राहिले. रोज घरात शिरले की आधी डब्याचं झाकण उघडायचं. पाती दिसली की मग चप्पल काढायची. असे काही महिने गेले. समोरासमोर आलो तर काकू मान फिरवायच्या, मीही फिरवायचे.

गेल्या आठवड्यात दोन दिवस पाती दिसली नाही. आईंना विचारावं तर कुणी येतच नव्हतं ना! तिसऱ्या दिवशी डबा उघडला, फक्त माझ्या थर्मासशेजारच्या केळ्याची साल. मी पायातल्या चपलेनिशी तशीच शेजारी गेले आणि कडी वाजवली.

काकूंनी दार उघडलं. अंगावर शाल, डोळे लाल.

"काकू, ताप आलाय का?"

"तुला कुनी सांगितलं?"

त्यांनी माझ्या पायातल्या चपलांकडे पाहिलं.

"डबा बघून आलीस," त्या म्हणाल्या. "मग रोज पाती वरच काहून ठेवून राहिले होते मी? इतके दिवस लागले व्हय तुला?"

"चुकलं माझं, काकू."

"हाव, चुकलंच." त्या दारातून बाजूला झाल्या. "ये आत, चहा टाक. पन तो डबा भिंतीवरून हलायचा न्हाई."