लाल कोंबडीची आंघोळ

साठी उलटेपर्यंत मी कोंबडीला खालून कधी पाहिलं नव्हतं. वरून पाहिली होती, रस्त्यात आडवी धावताना पाहिली होती, आणि ताटात तर कितीदा. पण शेपटीखालची पिसं फुंकर मारून बाजूला करायची आणि चष्मा सावरत आत डोकावायचं, ही वेळ मेहकरच्या सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यावर आली. ती आणली माझ्या मोठ्या बहिणीनं.

तिला आम्ही बाई म्हणतो. बाई बीबी गावाला दिलेली. मेहुणे गेल्यावर ती तिथे एकटी, आणि बायको गेल्यापासून मी इथे एकटा. दोघांनी एका घरात राहावं, इतकी साधी गोष्ट. पण ती सरळ बोलून दाखवायला माझी जीभ रेटेना. शेवटी फोनवर उगाच तावातावानं म्हणालो, "ये ना चार दिवस. माह्यं घर काही तुले खाऊन नाही राह्यलं." दिवाळी झाल्यावर बाई बसमधून उतरली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात डालगं, आणि डालग्यात चार कोंबड्या. चार दिवसांसाठी कोणी कोंबड्या आणत नाही, हे लक्षात येऊन मी मनातून फार खूश झालो, आणि तोंडानं मात्र म्हणालो, "हे लटांबर काऊन आणलं?"

तिच्या येण्याआधी मी एक मोठं काम उरकून ठेवलं होतं. मागचं अंगण मातीचं होतं. पाणी सांडलं की चिकचिक व्हायची. बाईचे गुडघे दुखतात, पाय घसरला तर काय घ्या, म्हणून मी भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंटचा कोबा करून घेतला. कोपऱ्यात नवं लाकडी खुराडंही ठोकून घेतलं. बाईनं कोब्यावरून एक चक्कर मारली आणि म्हणाली, "साजरं केलं." मला वाटलं, जिंकलो.

महिन्याभरानं लाल कोंबडी कोपऱ्यात बसून राहू लागली. ही बाईची लाडकी. बाई भाकरी थापायला बसली की ही दारात हजर, आणि पहिला तुकडा हिचा. आता ती तुकड्याकडे बघेना. तुरा फिका पडलेला, पिसं विस्कटलेली, आणि शेपटीखाली विष्ठेचा वाळून दगड झालेला गोळा. बाकीच्या तिघीही सारख्या चोचीनं अंग खाजवत होत्या. दोन दिवसांनी बाईनं एवढंच सांगितलं, "मले परवा बीबीले जाणं हाय. इले घेऊन जाणं हाय."

माझं डोकंच फिरलं. मी म्हणालो, "इथं काय दवाखाने नाहीत? बीबीले काय हाय असं?" त्यावर ती नुसती कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मला कळून चुकलं की एकदा ही बीबीला गेली की परत यायची नाही. कोंबडी वाचली तरी नाही आणि मेली तर मुळीच नाही. मी कोंबडी उचलली, भाजीच्या पिशवीत घातली, नुसतं डोकं बाहेर ठेवलं आणि जनावरांच्या दवाखान्याकडे निघालो. जिच्यामुळे मी कचेरीत आलेल्या लोकांना दारात ताटकळत बसवायचो ती माझी सगळी ऐट, ती पिशवी हातात धरून बाजारातून चालताना उतरली.

डॉक्टर तरुण होता. त्यानं कोंबडी सरळ उलटी केली आणि शेपटीखालची पिसं फाकवून मला म्हणाला, "काका, इकडे बघा." पिसांच्या मुळाशी ओल्या रव्यासारखे पांढरे झुबके चिकटलेले होते. लिखा. आणि उजेड पडताच कातडीवरून पिवळट उवा सैरावैरा पळाल्या. मला त्या क्षणी डोक्यापासून पायापर्यंत खाज सुटली.

"अंगणात माती आहे का?" डॉक्टरनं विचारलं.

"माती कशाला असेल? कोबा केला," मी छाती पुढे काढून सांगितलं.

"मग हिनं लोळायचं कुठे?"

मला वाटलं तो थट्टा करतोय. पण तो समजावून सांगू लागला. कोंबडी पाण्यानं नाही, मातीनं आंघोळ करते. बारीक धूळ पिसांत उडवते, तेव्हा कुठे उवा आटोक्यात राहतात. पूर्वी घरोघरी चुलीची राख असायची, तीही आता नाही. कोरड्या मातीवाचून उवा माजल्या, अंगातलं रक्त कमी झालं, अंग साफ ठेवायचं त्राण उरलं नाही, आणि मग घाण चिकटत गेली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! बाईसाठी केलेल्या कोब्यानं तिच्याच कोंबड्या मरायला टेकल्या होत्या.

औषधाची भुकटी घेऊन घरी आलो. भर दुपारी उन्हात टब मांडला. पाणी कोमट केलं. बाईनं कोंबडीचे पंख आपल्या काखेत अलगद दाबून धरले आणि तिचं बूड पाण्यात टेकवलं. मी ओरबाडायला हात घातला तशी ती खेकसली, "ओढू नको बे! कातडी निंघन तिची. भिजू दे." भिजू दिलं. गोळा सुटत आला तसा मी माझ्या मिशा कापायच्या कात्रीनं भोवतालची पिसं कापली, लिखांचे झुबके काढून कागदात घेतले आणि जाळले. कोंबडी जराही फडफडली नाही. तिचा जीव माझ्या तळहाताखाली टकटक करत होता, आणि मला ती एकाएकी फार आवडायला लागली.

पुसून कोरडी करून भुकटी चोळताना मी विचारलं, "बाई, याइले माती लागते, तुले माहीत होतं?"

"हाव."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"तू एवढ्या हौसेनं कोबा केला. लोकाच्या घरी कसं बोलावं?"

माझा हात थांबला. आई शेतात गेली की हिनं मला कडेवर वागवलं, माझा शेंबूड पुसला, माझ्या डोक्यातल्या उवा हिनंच मारल्या. आणि माझं घर हिला लोकाचं घर. मला राग आला तो कोणाचा, सांगता येत नाही. मी पुन्हा भुकटी चोळायला लागलो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच लोखंडी सब्बल घेऊन कोब्याचा एक कोपरा फोडायला बसलो. मिस्त्रीनं काम इतकं इमानदारीनं केलेलं की त्याला शिव्या देववेनात. चारपाई मावेल एवढी जागा मोकळी करायला दुपार झाली आणि दोन्ही हातांना फोड आले. त्यात चाळलेली माती भरली, कोपऱ्यावरच्या भजेवाल्याच्या भट्टीतली राख मागून आणून मिसळली. खुराडं उन्हात काढून त्याच्या फटीफटीत उकळतं पाणी ओतलं. बाकीच्या तिघींना भुकटी लावली, तशा त्या मातीत उतरून लोळायलाही लागल्या. लाल कोंबडी मात्र काठावर बसून राहिली.

"दहा दिवसांनी परत भुकटी लावा लागते," मी बाईला म्हणालो. "लिखा फुटून नव्या उवा निंघतात. तोपर्यंत बीबीले जाता येत नाही." डॉक्टरनं पुन्हा भुकटी लावायला सांगितलंच होतं, बीबीचं मी पदरचं जोडलं.

ते दहा दिवस मी लाल कोंबडीला डोळ्यांत तेल घालून जपलं. रोज सकाळी उलटी करून बघायचो. तीही निमूट उलटी व्हायची. पाचव्या दिवशी तिनं दाणे टिपले. दुसरी भुकटी लावली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती उठली, मातीत उतरली, एका कुशीवर पडली आणि पाय झाडत अशी काही धूळ उडवली की माझं धुतलेलं धोतर राखेनं भरलं. मी तसाच उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं ते धुळीनं, असं मी म्हणणार होतो, पण कोणी विचारलंच नाही.

बाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन किती तरी वेळ बघत होती. मग पदराला हात पुसत म्हणाली, "भाऊ, तो नळाकडचा कोबाही काढून टाक. मले मेथी लावाची हाय."

"कोंबड्या ठेवतीन का मेथी?"

"मंग कुंपण कर. सारं मीच सांगू का तुले?"

माझ्या हातांचे फोड आत्ता कुठे वाळत आले होते. मी सब्बल घ्यायला गेलो.