पेशींना दटावणाऱ्या बाई

सन बहात्तरच्या सुमारास सांगलीच्या एका लॅबमध्ये मी रिपोर्ट टाइप करायचे. तिथल्या डॉक्टरबाई कुणाशी बोलत नसत. डबाही भिंतीकडे तोंड करून खात. मायक्रोस्कोपला डोळा लावला की मात्र काचेवरच्या पेशींना दटावायच्या, "ओळीनं बसा गं! ढकलाढकली कशाला?" कॅन्सरची ग्रेड जितकी वाईट, तितक्या पेशी अस्ताव्यस्त, आणि बाई तितक्या गप्प.

एकदा म्हसवडच्या एक मावशी बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांच्या गर्भाशयाच्या तोंडाचा तुकडा तपासायला आला होता.

"आता तुमचीच काच बघतायत," मी म्हणाले.

आतला आवाज थांबला. मी टाइपरायटरमध्ये कागद सरकवला.

मावशी उठून दारात गेल्या. "आवं बाई, मगापास्नं समद्यांच्या येळंला बोलत हुता. माझ्याच येळंला गप का?"